सुवैलिमचा निवाडा

चौदाव्या रोजापर्यंत हाज रश्वान आणि त्यांचा मुलगा खलफ यांच्या अबोल्याला अकरा दिवस झाले होते. घर एक, इफ्तारचं ताट एक, पण बोलणं मात्र नफीसामार्फत.

"तुझ्या मुलाला सांग, मीठ सरकव म्हणावं."

"अम्मा, बांना सांग, मीठ त्यांच्या कोपराशीच आहे."

नफीसा मधे बसून दोघांचे निरोप ऐकायची आणि एकही पोचवायची नाही. दोघांनाही कान होते. तेहतीस वर्षं संसार केल्यावर कोणतं काम फुकटचं आहे हे बाईला कळतं.

भांडण कालव्याकाठच्या तीन फेदानांचं, म्हणजे तीनेक एकरांचं, होतं. घरची जमीन एकूण नऊ फेदान, पण बाकीची सहा डोंगराच्या अंगाला, पाण्याचं शेपूट जिथे पोचतं तिथली. खरी जमीन म्हणजे ही तीन. चार वर्षं खोडवा घेऊन ऊस नुकताच तुटला होता. हाजना तिथे पुन्हा उसाचं बेणं लावायचं होतं, कारण त्यांच्या बापाने तेच लावलं होतं. खलफचं म्हणणं असं की ही तीन फेदान आता माझ्या हाती द्या, मी लाल अंबाडी लावतो. तिची फुलं वाळवून सरबताला साऱ्या मुलखात जातात.

"फुलं?" हाज म्हणाले होते. "माझ्या बापाच्या जमिनीत फुलं? कुणाचं लग्न आहे?"

"मग मी कुवेतला जातो," खलफ म्हणाला होता, आणि नुसतं म्हणून थांबला नव्हता. ईदच्या तिसऱ्या दिवसाचं विमानाचं तिकीट त्याने आरशाच्या चौकटीत डाव्या कोपऱ्यात खोचून ठेवलं होतं. त्याची बायको नगवा रोज सकाळी वेणी घालताना ते बघायची. तिला पाचवा महिना होता आणि ती कुणालाच काही म्हणत नव्हती. त्या घरात न बोलणारं माणूस सगळ्यात जास्त ऐकलं जातं. नगवाला अजून ते माहीत नव्हतं.

त्यात त्या रमजानला टीव्हीवर 'सुवैलिमची सात फेदान' ही मालिका लागली.

मगरिबची बांग झाली, खजूर तोंडात पडला, की गावातल्या प्रत्येक घरात हाज सुवैलिम नावाचा म्हातारा आपल्या मुलाला, यासीनला, म्हणायचा, "माझ्या जिवात जीव आहे तोवर कालव्याकाठची जमीन तुला मिळणार नाही." गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत गेलात तरी एक शब्द चुकायचा नाही. गावात दोन तट पडले. म्हातारे सुवैलिमचे, तरणे यासीनचे, आणि बायका सुवैलिमच्या बहिणीच्या. त्या बिचारीचा हिस्सा भावाने कधीच गिळला होता आणि ती दर भागात एकदा डोळे पुसायची.

नफीसाने हाजना मुद्दाम टीव्हीसमोर बसवायला सुरुवात केली. बघून तरी मन विरघळेल, असा तिचा भाबडा हिशेब. मन विरघळलं नाही, भलतंच झालं. हाजना सुवैलिमचा संताप येऊ लागला, पण मुलाशी वाईट वागतो म्हणून नव्हे.

"ही कुदळ धरायची पद्धत?" ते तिसऱ्या भागातच उसळले. "छत्री धरलीय का? आणि ते बघ, बेणं उभं खोवतोय. उसाची कांडी उभी खोवतात? सरीत आडवी निजवतात तिला. कुठल्या शहरातून आणलाय हा?"

"नट आहे तो, अहो हाज."

"नट असेल. जमीन कुणाची आहे? अशा माणसाच्या हाती जमीन म्हणजे गाढवाच्या गळ्यात तसबीची माळ."

सगळ्याचं मूळ ती कुदळ, हे लक्षात ठेवा.

*

तेराव्या रोजाला इफ्तारनंतर कॉफीच्या दुकानात शाहीन खाटीक आणि सलामा गिरणीवाला यांची जुंपली. शाहीन म्हणाला, यासीनसारख्या कार्ट्याला उंबऱ्याबाहेर काढला पाहिजे. सलामा म्हणाला, सुवैलिमसारख्या बापाला कबरीत पोचवला पाहिजे. शाहीनचे वडील नुकतेच वारले होते, त्यामुळे त्याने ते स्वतःवर घेतलं. चहाचं तबक उडालं आणि शाहीनचा पुढचा दात गेला. ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. या दोन घरांमध्ये वीस वर्षांपूर्वी एक मुडदा पडला होता, आणि पहाटेच्या आत दोन्हीकडच्या काठ्या माळ्यावरून खाली आल्या.

असं काही झालं की चार गावांत एकाच माणसाकडे जायची पद्धत होती. हाज रश्वान पंच होते. त्यांच्या बैठकीत दोन्ही पक्ष समोरासमोरच्या बाकांवर बसायचे, आधी शब्द द्यायचे की निवाडा मान्य, मग हाज ऐकायचे, सांगायचे आणि तळवे वर करून कुराणातली फातिहा पढायचे. सगळे त्यांच्याबरोबर पढायचे. फातिहा पढली की संपलं. मग कोर्ट नाही, पोलीस नाही, आणि "पण" नाही.

चौदाव्या रोजाला इफ्तारनंतर बैठक भरली. खलफ चहा देत होता, पेल्यात निम्मी साखर. आतल्या दाराशी बायका बसल्या होत्या. नफीसा, नगवा आणि हाजची थोरली बहीण शलबिया. शलबिया बारा वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरी आली होती, पोटी मूल नव्हतं. ती सोयीपुरती बहिरी होती.

दात लवकर मिटला. सलामाने शाहीनच्या दारात मेंढा कापायचा आणि सगळ्यांसमोर त्याच्या कपाळाचं चुंबन घ्यायचं. दोघांनी मान हलवली. हाज तळवे वर करणार, एवढ्यात शाहीन फटीतून हवा सोडत म्हणाला, "हाज, दात मिटला. मुद्दा राहिला."

"कसला मुद्दा?"

"बरोबर कोण? सुवैलिम की यासीन?"

"अरे, तो टीव्ही आहे."

"टीव्हीच आहे, पण अजून सोळा भाग आहेत," सलामा म्हणाला. "मला उद्या पुन्हा राग आला तर? शाहीनचे अजून एकतीस दात आहेत."

बैठकीत हसू फुटलं, पण माना हलल्या. कोपऱ्यातून हाज दर्दीर खाकरले. हेही पंच, पण त्यांच्याकडे फक्त कोंबड्यांची भांडणं यायची आणि हे दुःख त्यांनी पंचवीस वर्षं जपलं होतं. "तो म्हणतोय ते खरं आहे, हाज रश्वान. मूळ कापल्याशिवाय झाड पडत नाही. निवाडा द्याच. का अवघड आहे?"

अवघड हा शब्द हाजना कुणी उच्चारलेला चालत नसे. त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांसमोर त्यांचा स्वतःचा मुलगा आला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण डोळ्यांसमोर आली ती सुवैलिमची कुदळ, आणि ती उभी खोवलेली बेण्याची कांडी.

"ऐका," ते म्हणाले. "बापाचं वय झालं. हातात कुदळ नीट धरता येत नाही. मुलगा जाणता, लग्न झालेला, राबायला तयार. असा बाप जमिनीवर बसून राहिला तर तो जमिनीचा बाप नव्हे, जमिनीवरचा दगड. त्याने कालव्याकाठची जमीन हयातीतच मुलाच्या हाती द्यावी."

तबक हातात घेऊन खलफ जागच्या जागी थांबला. बाच्या तोंडून ही वाक्यं तो पहिल्यांदाच ऐकत होता. आतल्या दाराची फट थोडी रुंद झाली आणि शलबियाने त्याच्या झब्ब्याची बाही ओढली.

"खलफ, विचार की बाला. सुवैलिमच्या बहिणीचं काय?"

खलफला हसूच आलं. आत्याला मालिकेचं किती वेड. पण बा आणखी थोडे खोलात उतरले तर चांगलंच, असा विचार करून तो मोठ्याने म्हणाला, "आत बायका विचारताहेत, सुवैलिमच्या बहिणीचं काय?"

"बहीण आधी," हाज म्हणाले. ते आता रंगात आले होते. "बापाच्या जमिनीत मुलीचा हिस्सा कुराणात लिहिलाय, सुवैलिमच्या मर्जीवर नाही. तिसरा हिस्सा तिचा. आणि तो कुठला घ्यायचा ते ती निवडेल, भाऊ नाही. बहिणीचा हिस्सा दिल्याशिवाय मुलाला काय देणार, चोरीचा माल? आता पढा फातिहा, म्हणजे उद्या दातांची भानगड नको."

पंचवीस जणांचे तळवे वर झाले. दाताची, जमिनीची, बहिणीची, सगळ्यांची मिळून एकच फातिहा पढली गेली. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. हाजनी हात खाली घेतले तेव्हा सगळ्यात आधी त्यांना दिसलं ते हाज दर्दीर यांचं हसू. त्या माणसाला इतकं खूश त्यांनी हजहून परत आला त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

*

"अम्मा, ऐकलंस?" खलफ तबकासकट आत धावला. "फातिहा पढली. बांनी स्वतः पढली."

नफीसाने ओठांवर बोट ठेवलं. मुलगा राहणार, ईदला राहणार, बाळंतपणाला राहणार, एवढंच तिला कळत होतं. नगवा भिंतीला टेकून बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदा सासूसमोर मोठ्याने हसली.

शलबिया गोड कुनाफ्याचा तुकडा खात होती. तुकडा संपला तेव्हा तिने बोटं चाटली आणि म्हणाली, "आणखी आहे का?"

*

दुसऱ्या दिवशी, इफ्तारचं सूप संपायच्या आत, खलफने नफीसाला मधे न घेता थेट विचारलं. "बा, फातिहा झाली."

"ती सुवैलिमवर झाली," हाज ताटाकडे बघत नफीसाला म्हणाले. "तुझ्या मुलाला सांग, सुवैलिम कागदाचा माणूस आहे."

"निवाडा कागदाचा होता का?" नफीसा म्हणाली.

"तू मधे पडू नकोस."

"बारा दिवस मधेच बसलेय मी. आता पडते म्हटलं तर तुम्हाला त्रास."

तेवढ्यात दार वाजलं. दर्दीर, शाहीन आणि सलामा. इफ्तारच्या वेळी आलेल्या पाहुण्याला ताटावर बसवावंच लागतं, आणि दर्दीर यांनी वेळ साधली होती. उन्हात फुगवलेली भाकरी मोडत ते सावकाश म्हणाले, "गावात लोक विचारतात, हाज. मी म्हटलं, मला काय माहीत, विचारून येतो. कालची फातिहा खरी की गंमत?"

"दाताची खरी," हाज म्हणाले. "बाकीची..."

"फातिहा एकच होती," सलामा म्हणाला. त्याच्या आवाजात मस्करी नव्हती. "मी सकाळी शाहीनच्या दारात मेंढा कापला, तो त्याच फातिहावर. निम्मी गंमत असेल तर मला तसं सांगा. माझ्या भावांनी काठ्या अजून माळ्यावर ठेवलेल्या नाहीत."

"आमच्याही नाहीत," शाहीन म्हणाला.

ताटावरचे हात थांबले. हाजनी आयुष्यात एकशेचाळीस भांडणं मिटवली होती आणि त्यातलं एकही पुन्हा उकरलं गेलं नव्हतं. ते पंच होते म्हणून गावात त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली जाई. ते जमीनदार होते म्हणून नव्हे, नऊ फेदानांचा जमीनदार म्हणजे काय असतो ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. आणि माळ्यावरून खाली आलेल्या काठ्याही त्यांना ठाऊक होत्या. वीस वर्षांपूर्वीच्या त्या मुडद्याला आंघोळ त्यांनीच घातली होती.

त्यांना एकदम थकल्यासारखं झालं. स्वतःचीच जीभ स्वतःला चावली की तक्रार कुणाकडे करायची?

"खरी," ते म्हणाले. "सगळी खरी. कालव्याकाठची जमीन खलफची."

खलफने बापाचा हात धरून त्याचं चुंबन घेतलं. नफीसा रडायला लागली. दर्दीर जरा निराश दिसले, कारण त्यांना नकार हवा होता.

"आणि माझं?" शलबिया म्हणाली.

तिने ते इतकं हळू म्हटलं की आधी कुणाला कळलं नाही.

"तुझं काय, अक्का?" हाजनी विचारलं.

"बहीण आधी, म्हणालास. तिसरा हिस्सा, म्हणालास. ती निवडेल, म्हणालास. बहिरी आहे मी, पण एवढं ऐकू आलं." तिने पदराने तोंड पुसलं. "नऊचा तिसरा हिस्सा तीन. कालव्याकाठची निवडते मी."

बारा दिवसांत पहिल्यांदा हाज आपल्या मुलाकडे वळून बोलले.

"खलफ, आत्याला समजाव."

"आत्या," खलफ लगेच म्हणाला, "तुला तर जमिनीऐवजी रदवा दिला होता ना? आजोबा गेले तेव्हा. तू अंगठाही दिलास."

"हो ना," हाज म्हणाले. "म्हैस दिली होती, अक्का. दुभती. आणि कानातले."

"म्हैस तिसऱ्या वर्षी मेली. जमीन अजून जिवंत आहे."

"पण आत्या, तू जमिनीचं करणार काय? बा, सांगा ना तिला."

"तेच म्हणतो मी. खलफ बरोबर बोलतोय, अक्का."

"बोलले," नफीसा म्हणाली. तिचं रडं केव्हाच थांबलं होतं. "अल्लाची कृपा, बापलेक बोलले. बाईचा हिस्सा बुडवायची वेळ आली तेव्हा कशी गोड वाचा फुटली."

शाहीनने दाताच्या फटीतून शीळ घातली. दर्दीर यांचा चेहरा पुन्हा उजळला होता. त्यांनी दुसरी भाकरी घेतली.

"तू बारा वर्षांत दाराबाहेर पडली नाहीस, आत्या," खलफ म्हणाला. आवाज त्याला वाटलं त्याहून उर्मट निघाला. "शेतात जाऊन बसणार आहेस का?"

"बाहेर माझं काही नव्हतं, म्हणून पडले नाही," शलबिया म्हणाली.

खलफला लाज वाटली, आणि रागही तितकाच आला. अर्ध्या मिनिटापूर्वी जी जमीन त्याची होती ती गेली होती, आणि तो प्रश्न त्याने स्वतः, स्वतःच्या तोंडाने, भर बैठकीत विचारला होता. मदतीसाठी त्याने नगवाकडे पाहिलं. नगवा उठली, शलबियाच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढला. "मला मुलगी झाली तर?" ती नवऱ्याला म्हणाली. "तिलाही म्हैसच देणार का?"

एवढं लांब वाक्य ती या घरात पहिल्यांदाच बोलली होती.

शेजारच्या घरातून सुवैलिमचा आवाज येत होता, जिवात जीव आहे तोवर वगैरे. हाजच्या घरात त्या दिवशी टीव्ही लावायचं कुणाला सुचलं नाही.

*

सोळाव्या रोजाच्या सकाळी मापाची काठी घेऊन हाज स्वतः पुढे चालले. साक्षीला दर्दीर, शाहीन, सलामा. मागून खलफ, आणि गाढवावर शलबिया, स्वच्छ काळ्या ओढणीत, पायांत नफीसाच्या नव्या चपला. बायका गच्चीवरून बघत होत्या.

हाज काठी टेकवून मोजत होते आणि मोठ्याने आकडा म्हणत होते. मनात मात्र दुसरंच चाललं होतं. बाप गेला तेव्हा अक्का कागदावर अंगठा देताना हसली होती. ते हसू त्यांनी चाळीस वर्षं होकार म्हणून वापरलं. ते हसू नव्हतं हे त्यांना त्याही दिवशी कळलं होतं. म्हातारपणी आपण चार गावांचे पंच आहोत आणि आपल्या घरातली एवढी एकच फिर्याद आपण कधी ऐकली नाही, या विचाराने त्यांचा आकडा चुकला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. उपाशीपोटी, उन्हात, पण घेतलं.

शेवटची काठी कालव्यावरच्या जुन्या उंबराशी टेकली.

"कुठपर्यंत?" शलबियाने विचारलं.

"इथपर्यंत, अक्का."

"मग उंबर माझा?"

"तुझा."

"याच्यावरून तू मला ढकललं होतंस. हाताला फळी बांधून दोन महिने बसले होते मी."

"तू माझ्या वाटची उंबरं खाल्ली होतीस."

"तुझ्या वाटची कशी? झाडाचा तिसरा हिस्सा माझा नव्हता का?"

हाज हसले. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते काठीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. शलबियाने चपला काढल्या आणि तोडलेल्या उसाच्या खुंटांमधून, पाय वर वर उचलत, आपल्या जमिनीत थोडी आत गेली. मागे गेलेल्या कुणाचाही हात तिने धरला नाही.

परत आली तेव्हा खलफ बांधावर बसला होता. त्याने धीर करून विचारलं, "आत्या, मला कसायला देशील?"

"बघू."

"मग ऊस की अंबाडी?"

"ऊस," हाज वळून म्हणाले.

"जमीन कुणाची?" शलबिया म्हणाली. "चाळीस वर्षं मी काही ठरवलेलं नाही. मला सवय नाही. जरा वेळ लागेल. तोवर तुम्ही दोघं मिळून हे खुंट उपटा. ऊस लावा की फुलं लावा, जुनी खोडं आधी काढायलाच हवीत."

"ठरवणार कधी?"

"ईदनंतर."

"आत्या, ईदच्या तिसऱ्या दिवशी माझं विमान आहे."

"मग चौथ्या दिवशी सांगेन," शलबिया म्हणाली आणि गाढवाकडे चालू लागली.

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. हाजनी वाकून बांधावर पडलेली कुदळ उचलली, मुलाच्या हातात दिली आणि त्याची बोटं दांड्यावर अर्धी वीत खाली सरकवली. "अशी धर," ते म्हणाले. "सुवैलिमसारखी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी नगवा वेणी घालायला आरशासमोर बसली. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात काही नव्हतं. दोन आठवड्यांनी तिला आपला डावा कान दिसला.